मुदतीचा अर्ज कशासाठी?

पुण्याच्या बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोरचा भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत पाडला गेला. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. स्मारकासाठी जागा ताब्यात घेण्याचा वाद सुमारे १३ वर्षे न्यायालयात होता. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरू दुकानदारांची याचिका फेटाळली आणि जागा सोडायला महिनाभराची मुदत दिली.

एवढी वर्षे गेली म्हटल्यावर ‘मुद्दाम लटकवले’ असा शेरा सहज मारला जातो. पण ज्याचे पोट दुकानावर, त्याने ते सोडण्यापूर्वी न्यायालयात जाणे हा त्याचा हक्क. खटला किती चालला यावरून नियत ठरत नाही. पक्षकाराने न्यायालयाला काय सांगितले आणि काय दडवले, यावरून ठरते.

मुदतीचा अर्ज आजारी साक्षीदारासाठी देता येतो, तसाच समोरचा थकावा म्हणूनही. दोन्ही अर्जांची भाषा एकच. दिवाणी प्रक्रिया संहितेने यावर मर्यादा घातल्या: कैफियत ३० दिवसांत, फार तर ९०, सुनावणीत एका पक्षकाराला तीनच तहकुब्या. पण २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपवादाला जागा ठेवली. नाहीतर खरोखर अडलेला माणूसही नियमाखाली भरडला गेला असता. त्याच जागेतून लबाडही आत येतो.

त्याला रोखायला कलम ३५-अ आहे. खोट्या, त्रासदायक दाव्याबद्दल नुकसानभरपाई मिळते, पण १९७६ च्या दुरुस्तीपासून तिची कमाल मर्यादा ३,००० रुपये. पेठेतला गाळा वर्षभर अडवून ठेवणाऱ्याला ही रक्कम चिल्लर वाटणार. व्यापारी वादांपुरती ही मर्यादा २०१५ च्या कायद्याने काढली. साध्या घरा-जागेच्या दाव्यांत ती कायम आहे.

लबाडाला आधीच अडवण्याचाही एक मार्ग आहे. गोव्यातल्या मारिया मार्गारिदा सिक्वेरा प्रकरणात बहिणीच्या घरावर भाऊ ताबा सांगत होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की राखणदार म्हणून राहणाऱ्याला कितीही वर्षांनी हक्क मिळत नाही. आणि ताबा सांगणाऱ्याने तो कुणी, केव्हा, कोणत्या नात्याने दिला याचा तपशील सुरुवातीलाच मांडावा.

तारखा कमी करा ही मागणी रास्तच. पण कागद पहिल्या दिवशी समोर यायला हवेत आणि खोटे उघडे पडल्यावर समोरच्याचा खरा खर्च वसूल व्हायला हवा. खोटेपणा महाग पडू लागला, की प्रामाणिक माणसाची मुदत कापायची वेळ येणार नाही.