जाड लोकरीचा गळपट्टा

आमच्या सासूबाईंचा हात क्रोशाच्या बारीक कामावर बसलेला. टेबलावरचे रुमाल, दारावरची तोरणे, नातवंडांची झबली असे कितीतरी नमुने त्यांनी सुती दोऱ्यात विणले. चार वर्षांपूर्वी त्यांची नजर मंदावली, बोटांची पेरेही दुखू लागली आणि टाके मोजता येईनात. त्यांनी सुया डब्यात भरल्या व डबा माळ्यावर ठेवून दिला. तो खाली आला गेल्या हिवाळ्यात, जाड लोकरीच्या तीन गुंड्यांमुळे.

क्रोशाचे नाव काढले की आपल्याकडे बारीक जाळीच डोळ्यांपुढे येते. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूर भागात स्त्रिया अशी लेस विणतात. त्या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या नजाकतीपुढे जाड लोकरीचे काम ओबडधोबड दिसेल, हे खरे. परंतु ज्याला नजर साथ देत नाही त्याला, किंवा प्रथमच सुई धरणाऱ्याला, हा ओबडधोबडपणाच उपकारक ठरतो. टाका बोटाने चाचपता येतो, आणि चूक झालीच तर ती लपून राहत नाही.

पाच फूट लांब व सहा-सात इंच रुंद गळपट्ट्यास सुमारे अडीचशे ग्रॅम जाड लोकर आणि ९ मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिलीहूनही जाड, सुई पुरते. सारी लोकर एकदमच घ्यावी. पुढे तोच रंग मिळाला तरी रंगवणीचा घाणा निराळा असला की छटा किंचित बदलते, आणि तो जोड दुरून दिसतो.

प्रथम १८ साखळ्या सैल हाताने घालाव्यात. सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन ती सुईपासून तिसऱ्या साखळीत घालावी व धागा ओढून घ्यावा. आता सुईवर तीन फास होतील. पुन्हा धागा घेऊन तो तिन्ही फासांतून एकदम काढावा. हाच अर्धा खांब. शेवटच्या साखळीपर्यंत असे १६ खांब होतात. मग दोन साखळ्या घालून काम उलटावे आणि अगदी पहिल्या खांबापासून पुन्हा १६ खांब घालावेत. एवढीच काय ती विद्या. पुढे ओळीवर ओळ.

फसगत होते ती कडेला. उलटताना घातलेल्या दोन साखळ्या खांबांत मोजावयाच्या नाहीत. त्यांत चुकून सुई घातली तर खांब १७ होतात. ओळीच्या शेवटचा खांब राहिला तर १५. सासूबाईंचेही तसेच झाले. इतक्या वर्षांचा अनुभव, म्हणून त्यांनी मोजणे अनावश्यक मानले, आणि तिसाव्या ओळीला हाती १३ खांब उरले! गळपट्टा त्रिकोणी होऊ लागला होता. त्या क्षणभर गप्प बसल्या. डबा पुन्हा माळ्यावर जातो की काय, अशी मला धास्ती वाटली. पण जाड लोकर उसवावयास वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत पुन्हा दहा ओळी झाल्या. या खेपेस प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांच्या खांबांस लाल दोरा बांधला होता.

शेवटी वीतभर धागा राखून कापावा आणि मोठ्या सुईने टाक्यांतून मागे-पुढे ओवून लपवावा. नुसती गाठ मारून कापल्यास ती सुटते. लोकर खरी असेल तर गरम पाणी व चोळणे दोन्ही टाळावे. तिच्या तंतूंवरील खवले एकमेकांत अडकून वीण आटते. थंड पाण्यात धुऊन, न पिळता, पंचात गुंडाळून दाबावा व सपाट जागी सावलीत वाळवावा.

सासूबाई सध्या तिसरा गळपट्टा विणीत आहेत. टाके मोजण्याचे काम दुसरीतल्या नातीकडे आहे, आणि ती सोळाच्या खाली काहीही मान्य करीत नाही.