माशाच्या मेंदूतले चार वाटेकरी

नागपूरच्या बाजारात ओलसर पोत्याखाली तासन्‌तास तग धरून राहणाऱ्या मागुराची ख्याती त्याच्या चिवट जिवापुरती आणि रश्शापुरतीच मर्यादित आहे. परंतु अस्थिमत्स्यांच्या ज्या अफाट शाखेत रोहू, कतला आणि हा मिशाळ मागूर मोडतात, तिच्या पूर्वजांत तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी संपूर्ण जनुकसंचच द्विगुणित झाला आणि प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती झाल्या, हे भावासाठी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ध्यानीमनीही नसते.

एकाच टेबलावर दोन कारकून नेमले म्हणजे काय होते, हे ज्याने मामलेदार कचेरी जवळून पाहिली आहे त्याला सांगणे नको. बहुधा एक जण निकामी होऊन बरखास्त होतो. क्वचित मोकळा राहिलेला कारकून सर्वस्वी नवे काम अंगावर घेतो, आणि जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९७० साली आपल्या ग्रंथात उत्क्रांतीचे मोठे भांडवल पाहिले ते या मोकळिकीतच. परंतु तिसरीही एक गत आहे, आणि माझ्या मते तीच अधिक मनोवेधक: दोघे मूळचे काम आपसांत वाटून घेतात, आणि मग कोणालाच काढता येत नाही. १९९९ साली या वाटणीचे नामी उदाहरण पुढे आले. उंदरातील ‘एन्ग्रेल्ड-१’ हे एकच जनुक गर्भावस्थेत पायांच्या अंकुरातही कार्य करते आणि मज्जासंस्थेतही. अस्थिमत्स्यांच्याच शाखेतील झेब्राफिश या माशात मात्र त्याच्या दोन प्रती असून एक वक्षपरांच्या अंकुरात, तर दुसरी पश्चमस्तिष्क आणि मज्जारज्जूतील ठरावीक चेतापेशींत व्यक्त होते.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकसंच तोच असतो. यकृत यकृतासारखे आणि मेंदू मेंदूसारखा वागतो, तो कोणत्या जनुकाचा आरएनए कोठे, केव्हा आणि किती तयार होतो यावरून. म्हणून दोन प्रतींची फारकत झाली की नाही, याचा निकाल जनुकांच्या याद्या करून लागत नाही. त्यासाठी ऊतीचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली डोळे शिणवावे लागतात.

हे डोळे शिणवणे नागपूरला नवे नाही. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि त्यांचे सहकारी मागुराच्या मेंदूत ‘कार्ट’ नावाच्या, सामान्यतः भूक आवरणाऱ्या चेतापेप्टाइडचा मागोवा घेत होते. २००७ साली त्यांनी देशी मागुराच्या मेंदूतील त्याची वसतिस्थाने नोंदली. २०१० साली मादीच्या प्रजननचक्रागणिक त्याचे प्रमाण बदलते असे दाखवले. आणि २०११ साली, ज्याच्या संवर्धनावर आपल्याकडे बंदी आहे त्या आफ्रिकन मागुराच्या अग्रमस्तिष्कातील कार्ट उपासाला आणि ग्लुकोजला प्रतिसाद देते, हे सप्रमाण मांडले. प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेप्टाइड रंगवण्याच्या या पद्धतीने त्याचा ठावठिकाणा लागतो. पण ते कोणत्या जनुकाच्या हुकमाने बनले, हे त्यावरून सांगणे कठीण.

तो प्रश्न पुण्याच्या आयसर या संस्थेत हाती घेतला गेला. सुभेदार, अर्णब घोष आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली झेब्राफिशच्या चार कार्ट जनुकांचा निबंध प्रसिद्ध केला. ही चारही एकाच प्राचीन द्विगुणनाच्या खाती जमा धरणे धाडसाचे ठरेल; त्यांची फारकत मात्र डोळ्यांना दिसते. प्रत्येक जनुकाच्या आरएनएला नेमका चिकटेल असा पूरक तुकडा मेंदूच्या कापांवर सोडायचा, आणि जेथे रंग उमटेल तेथे ते जनुक कार्यरत आहे असे समजायचे. या तपासणीत दुसरे आणि चौथे जनुक मेंदूभर, गंध आणि दृष्टी यांच्या मार्गांतही पसरलेले आढळले. पहिले आणि तिसरे मात्र प्रामुख्याने एकेका लहानशा चेताकेंद्रापुरते, आणि तीही दोन निरनिराळी. मासे उपाशी ठेवले तेव्हा अधश्चेतकाच्या दोन केंद्रांत, तसेच तिसऱ्या जनुकाचे जे मुख्य ठाणे त्या अग्रमस्तिष्कातील केंद्रातही कार्ट लक्षणीयरीत्या घटले.

मनुष्यात कार्टचे जनुक एकच आहे. तेव्हा झेब्राफिशच्या आधारे मानवी भुकेविषयी विधान करणाऱ्याने आपण चारांपैकी कोणत्या जनुकाबद्दल आणि मेंदूतील कोणत्या केंद्राबद्दल बोलत आहोत, हे आधी सांगावे; त्याखेरीज ते विधान ग्राह्य धरू नये.