वृद्धसेवा-समन्वय, स्वयंसेवी
वृद्ध व्यक्तीस लागणाऱ्या वैद्यकीय, घरगुती व सामाजिक सेवा निरनिराळ्या यंत्रणांकडून मिळत असता, त्यांची परस्परांशी सांगड घालून देण्याचे शासनबाह्य संस्थांचे कार्य. ग्रेट ब्रिटनमध्ये या कार्यास दीर्घ परंपरा आहे.

पार्श्वभूमी : ब्रिटनमध्ये १९४८ पासून वैद्यकीय उपचार राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे, तर वृद्धनिवास व घरगुती साहाय्य स्थानिक प्राधिकरणांकडे आले. रुग्णालयातून घरी परतलेल्या वृद्धास दोन्हींची गरज भासे. परंतु त्यांना जोडणारा दुवा बहुधा नसे. ही उणीव स्वयंसेवी संस्थांनी काही अंशी भरून काढली. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या महिला स्वयंसेवा संघटनेने पुढे घरपोच भोजनाची सेवा चालविली. १९४० मध्ये स्थापन झालेल्या वृद्धकल्याण समितीतून ‘एज कन्सर्न’ ही संस्था उदयास आली. १९६१ मध्ये स्थापन झालेली ‘हेल्प द एजेड’ व ‘एज कन्सर्न’ यांच्या २००९ मधील विलीनीकरणातून ‘एज यूके’ निर्माण झाली. १९९० च्या अधिनियमाने गरजांचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणांवर टाकली व प्रत्यक्ष सेवा पुरविण्यात स्वयंसेवी संस्थांचा वाटा वाढला.

कार्यपद्धती : संस्थेचा समन्वयक वृद्धाच्या घरी जाऊन त्याच्याशी सविस्तर बोलतो. केवळ व्याधींची यादी न करता, त्या व्यक्तीला स्वतःला काय साधावयाचे आहे, हे तो प्रथम जाणून घेतो. बागेत पुन्हा काम करणे किंवा मित्रांना भेटणे, अशी ही उद्दिष्टे साधी असू शकतात. त्यांनुसार योजना आखून डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ते व शेजारी यांच्याशी संपर्क साधला जातो. त्यासाठी माहितीची देवाणघेवाण करताना वृद्धाची संमती आवश्यक असते.

मर्यादा : अशा समन्वयामुळे रुग्णालयातील तातडीचे प्रवेश घटून खर्च वाचेल, अशी अपेक्षा होती. तथापि ‘एज यूके’च्या अशा कार्यक्रमाच्या, नफील्ड ट्रस्टने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात ती खरी ठरली नाही, तुलनागटापेक्षा सहभागी वृद्धांचे तातडीचे प्रवेश अधिक आढळले. पूर्वी दुर्लक्षित राहिलेल्या गरजा समन्वयकाच्या नजरेस येणे, हे याचे एक संभाव्य कारण होय. म्हणून काटकसर हा या कार्याचा एकमेव निकष मानणे योग्य नाही. तसेच मुळात सेवाच अपुऱ्या असतील, तर केवळ समन्वयाने ती उणीव भरून निघत नाही.

भारतात १९७८ मध्ये ‘हेल्प द एजेड’च्या साहाय्याने ‘हेल्पएज इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. येथे सेवांची जुळवाजुळव मुख्यत्वे कुटुंबच करीत असल्याने, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत अशा संस्थांची गरज विशेष जाणवते.