दादा आला म्हणून मीही आलो!

घरात आधीच एक मोठा कुत्रा आहे आणि आता त्याला सोबत म्हणून पिल्लू आणलंय? मोठ्याचं बघून धाकटं आपोआप शिकेल, अशा भरवशावर असाल तर जरा थांबा...

रविवारची सकाळ. सोसायटीमागचं कुंपण घातलेलं मैदान. तुम्ही ‘कम!’ अशी हाक मारता. सहा वर्षांचा ब्रूनो कान टवकारतो, वळतो आणि दुडक्या चालीनं तुमच्याकडे यायला लागतो. त्याच्या मागोमाग चार महिन्यांचं चिकू, पायात पाय अडकवत, धडपडत हजर! मॉर्निंग वॉकवाले काका-काकू कौतुकानं बघतात. तुमची कॉलर एकदम ताठ.

आता हाच प्रयोग ब्रूनोला घरी ठेवून करून बघा. चिकू एकदा तुमच्याकडे बघतं, एकदा वाऱ्यावर उडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे बघतं... आणि पिशवी जिंकते. यात चिकूचा दोष शून्य. आधीही ते तुमच्या हाकेला आलंच नव्हतं. ते ब्रूनोच्या शेपटीमागे आलं होतं. तुमची हाक म्हणजे त्याच्या लेखी नुसतं बॅकग्राउंड म्युझिक!

हे सगळं गोड वाटतं, पण मैदानातच. घरी डोअरबेल वाजते, पार्सलवाला उभा असतो, एका हातात फोन आणि त्यावर ओटीपी, आणि दार अर्धं उघडं. ब्रूनो सोफ्यावर घोरतोय. चिकू पायातून सटकतं. दोन जिने उतरले की पार्किंग, पार्किंगपुढे रस्ता, आणि रस्त्यावर राँग साइडनं येणारी टू-व्हीलर. त्या क्षणी तुमच्याकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे तुमचा आवाज. तो चिकूच्या कानात शिरून डोक्यापर्यंत पोचतो का, हा खरा प्रश्न.

मोठ्याकडून शिकतं, पण काय?

पिल्लं बघून शिकतात, हे खोटं नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जेमतेम आठ आठवड्यांची पिल्लं दुसऱ्या कुत्र्याला किंवा माणसाला बघून खाऊचा डबा उघडायला शिकली होती. म्हणजे चिकूचं निरीक्षण पक्कं आहे. फक्त ते निरीक्षण सिलेक्टिव्ह नसतं. ब्रूनो हाकेला येतो हे जसं ते टिपतं, तसंच ब्रूनो लिफ्टच्या आवाजावर भुंकतो आणि मांजर दिसलं की हाक ऐकूच येत नसल्याचा अभिनय करतो, हेही टिपतं.

शिवाय दिवसाचे चोवीस तास दोघं एकत्र असतील, तर पिल्लाच्या दृष्टीनं जगातली सगळी धम्माल ब्रूनोकडे असते. तुम्ही म्हणजे जेवण आणणारे आणि लॅपटॉपसमोर बसणारे कुणीतरी! म्हणून पहिला फंडा असा, की सुरुवातीचे काही आठवडे चिकूचे धडे एकट्यात. वन बीएचकेमध्ये हे कसं जमवायचं? जमतं. ब्रूनोला बेडरूममध्ये चघळायला काहीतरी देऊन दार लोटायचं आणि हॉलमध्ये चिकूबरोबर तीन मिनिटं. चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरे. दिवसातून चार-पाच वेळा एवढं झालं की झालं. घरात दोघं जण असाल तर रोजची एक फेरी वेगवेगळी काढा. त्यात चिकूला ब्रूनोशिवाय राहायचीही सवय होते, आणि ती पुढे फार उपयोगी पडते.

एक शब्द, एक अर्थ

आपल्या घरांमध्ये खरी गंमत इथे होते. तुम्ही म्हणता ‘कम’, आई म्हणते ‘ये रे माझ्या बाळा’, बाबा नुसतीच चुटकी वाजवतात आणि कामाच्या मावशी ‘ए, हिकडं ये’ म्हणतात. पिल्लानं नेमकं काय पाठ करायचं? घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवा. ब्रूनोसाठी वर्षानुवर्षं दहा-दहा वेळा ओरडून ‘कम’ची धार गेली असेल, तर तो शब्द चिकूला वारसाहक्कानं देऊ नका. कोरा करकरीत शब्द घ्या. ‘इकडे’ चालेल, ‘घरी’ चालेल. शिट्टीसुद्धा मस्त, कारण तिला मूड नसतो, तुम्ही घाबरलात तरी ती तशीच वाजते. फक्त वॉचमनपेक्षा वेगळी वाजवा, नाहीतर रात्री दोन वाजता चिकू तुमच्या छातीवर हजर होईल!

शब्द ठरला की आधी त्याला किंमत मिळवून द्यायची. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हनं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलं तेच हे. ‘इकडे’ म्हणा आणि लगेच खाऊ द्या. काही करायला लावू नका. चार-पाच दिवसांत शब्द ऐकताच मान गर्रकन वळायला लागते. मग दोन पावलं मागे सरकत हाक मारा, नंतर दुसऱ्या खोलीतून. आपण पळालो की पिल्लू मागे येतं, हा त्याचा स्वभावच आहे, त्याचा फायदा उठवा. आलं की आधी हलकेच कॉलर धरा आणि मग खाऊ द्या. नाहीतर ‘खाऊ घेतो आणि कल्टी मारतो’ हा खेळ तयार होतो आणि पट्टा लावायला तुम्हाला मैदानभर पळावं लागतं.

खाऊचं म्हणाल तर उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे, आणि घरच्या घरी रोजच्या जेवणातलेच दाणे. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण मात्र कुत्र्यांना अजिबात नको.

हाक एकदाच मारायची. चार वेळा मारली की पहिल्या तीन फुकट असतात, हे पिल्लू लगेच ताडतं. चिकू येणार यावर शंभर रुपयांची पैज लावायची तुमची तयारी नसेल, तर हाक मारूच नका, सरळ जाऊन उचलून आणा. आंघोळ, नखं कापणं, ‘चला, खेळ संपला’ अशा कामांसाठीही तो शब्द वापरायचा नाही. उलट दहातून आठ वेळा बोलवायचं, खाऊ द्यायचा आणि पुन्हा खेळायला सोडायचं. ‘बोलावलं म्हणजे मजा संपली’ हे गणित एकदा डोक्यात बसलं की ते काढताना नाकी नऊ येतात.

आता दादाला बोलवा

एकट्यात चिकू हमखास यायला लागलं की ब्रूनोची एंट्री. आधी तो वीसेक फुटांवर, पार्टनरच्या हातात पट्टा, शांत बसलेला. चिकूला पाच ते दहा मीटरची लांब सुती दोरी, तीही हार्नेसला. गळ्याच्या पट्ट्याला लावली तर धावत्या पिल्लाच्या मानेला हिसका बसतो. दोघांना दोन लांब दोऱ्या हा विचार डोक्यातून काढून टाका. पाच मिनिटांत तुमची मॅक्रमे होईल!

चिकूनं ब्रूनोकडे पाठ फिरवून तुमच्याकडे येणं ही या सगळ्यातली सर्वात अवघड उडी. पहिल्यांदा ते जमेल तेव्हा हात आखडता घेऊ नका. एकामागून एक दहा तुकडे, भरपूर कौतुक, आणि मग सर्वात मोठं बक्षीस, ‘जा, ब्रूनोकडे जा!’ ज्याच्यामुळे लक्ष उडत होतं, तोच आता पगार झाला.

पुढची पायरी नावांची. ‘चिकू, इकडे’ म्हटलं की चिकूनं यायचं आणि ब्रूनोनं जागेवर राहायचं. जागेवर राहिल्याबद्दल त्यालाही खाऊ मिळतो, हे विसरलात तर म्हातारबुवा रुसतात. दोघांना एकत्र बोलवायला तिसराच शब्द ठेवा आणि दोघं आले की दोन हातांनी, अंतर ठेवून खाऊ द्या. खाऊवरून ब्रूनो गुरगुरला तर त्याला ओरडू नका. तो ‘जरा लांब हो’ एवढंच सांगतोय. गुरगुरणं दाबलं तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. अंतर वाढवा, आणि प्रकार वाढतोय असं वाटलं तर चांगल्या ट्रेनरला गाठा.

आठव्या महिन्यातला ॲटिट्यूड

सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस चिकू तुमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करेल. घाबरू नका, कार्टं वयात आलंय. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 साली लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर आणि त्यांच्या मिश्र पिल्लांवरचा अभ्यास मांडला. आठव्या महिन्यात ही मंडळी स्वतःच्या माणसाचं कमी आणि अनोळखी माणसाचं जास्त ऐकत होती. शेजारच्यांच्या मुलांसारखंच! हा काळ सरतो. तोवर लांब दोरी पुन्हा बाहेर काढायची आणि खाऊचा दर्जा वाढवायचा.

आणि हो, ट्रेनिंग कितीही झालं तरी सगळीकडे मोकळं सोडायचं नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर मोर आहेत, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. मोरामागे दोन कुत्री लागली की ती एकमेकांना चढवतात, तिथे तुमच्या पनीरला कोण विचारतो? दिवाळीच्या संध्याकाळी तर दोघांनाही पट्टा हवाच. सुतळी बॉम्बनं घाबरलेल्या कुत्र्याला हाक ऐकूच येत नाही. कॉलरवर नाव नको, पण फोन नंबर हवा.

तरीही चिकू दारातून सटकलंच, तर त्याच्यामागे धावू नका. त्याला तो शिवणापाणीचा खेळ वाटतो. उलट दिशेला पळा, खाली बसा आणि ब्रूनोला मोठ्यानं, आनंदानं हाक मारा. एवढे आठवडे ब्रूनोच्या शेपटीपासून जे तोडायला झटलात, तेच नातं अशा वेळी बिनधास्त वापरायचं.

एक काम आजच सुरू करा. हाकेबरोबर हाताची खूणही करत जा, हात बाजूला पसरून छातीशी आणायचा. चिकू ती सहज उचलेल. पण खरी गरज ब्रूनोची आहे. वय वाढलं की अनेक कुत्र्यांचे कान मंदावतात, आणि मग ‘हल्ली मुद्दाम ऐकत नाही’ असं आपण म्हणत बसतो. त्याला बिचाऱ्याला ऐकूच येत नसतं. खूण मात्र दिसते, आणि कधी त्याचं लक्ष नसेल तर चिकू वळलेलं बघून तोही वळतो.