शेणखत टाकलं, मग युरिया नेमका किती कमी करायचा?

एपिसोड गाडी चालवताना ऐकला असेल तर आकडे निसटले असणार. म्हणून आज सगळं लिहून देतोय. स्क्रीनशॉट मारून ठेवा.

मी पुण्यात कोडिंग करतो, पण घरची केळी यावल तालुक्यात आहे. तीन वर्षांपूर्वी वर्क फ्रॉम होम असताना मी नानांना म्हटलं, "यंदा खताचा हिशोब माझ्याकडे द्या." मृगबाग होती, १००० झाडं.

आपल्याकडची सर्वसाधारण शिफारस अशी: एका झाडाला १० किलो शेणखत, शिवाय २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश. मी एक्सेल उघडलं. चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं, म्हणजे १० किलोत ५० ग्रॅम. २०० मधून ५० वजा केले आणि युरिया थेट पाव हिश्शाने कमी केला. तोही पहिल्या चार महिन्यांतच.

ट्रॉली आली तेव्हा नानांनी ढिगात हात घातला. "अरे, अजून गरम आहे हे. तुझ्या एक्सेलला शेण कुजायला किती दिवस लागतात ते माहीत आहे का?" मी हसण्यावारी नेलं.

दोन महिन्यांत खालची पानं पिवळी पडली. निसवण लांबली, घड १६-१७ किलोंवर अडकले. व्यापाऱ्याने भाव पाडला तो वेगळाच. नाना काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

चूक कुठे झाली? शेणखतातलं नत्र बहुतेक सेंद्रिय पदार्थात अडकलेलं असतं. जिवाणूंनी ते कुजवलं की मगच मुळांना मिळतं. पहिल्या हंगामात साधारण एक तृतीयांश धरा, म्हणजे ५० पैकी १५-१७ ग्रॅम. बाकीचं हळूहळू पुढे मिळतं, खोडव्यालाही. आमचं खत तर कच्चं होतं, भुसा आणि काडीकचरा तसाच दिसत होता. असा कचरा कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्रसुद्धा स्वतःसाठी ओढून घेतात. आणि केळीला नत्राची खरी भूक निसवणीच्या आधी असते. म्हणजे मी नेमकं जेवणाच्या वेळी ताट काढून घेतलं.

पालाशचं गणित मात्र वेगळं आहे. तो सेंद्रिय पदार्थात बांधलेला नसतो, पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे बहुतेक सगळा त्याच हंगामात मिळतो. १० किलो खतात साधारण ५० ग्रॅम पालाश असतो. त्यातले ४० जरी धरले तरी १००० झाडांमागे जवळपास ६७ किलो पोटॅश वाचतं, म्हणजे एक गोणी आणि वर थोडं. आणि पोटॅश देशात जवळपास सगळं बाहेरून येतं, त्यामुळे भाव आपल्या हातात नाही. युरियाची बचत त्याच हिशोबाने ३५ किलोंच्या आसपास, म्हणजे ४५ किलोंची एक गोणीही नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो:

१. खत लागवडीआधी पूर्ण कुजवतो. ढीग गार झाला, शेणाचा वास गेला, हातात भुसभुशीत लागलं की तयार. ढिगावर पावसात ताडपत्री टाकतो, नाहीतर पालाश वाहून जातो.

२. आधी पोटॅश कमी करतो. युरिया थोडाच, आणि सुरुवातीच्या महिन्यांत अजिबात नाही.

३. घड काढल्यावर खोडं बांधावर फेकत नाही. त्यात भरपूर पालाश असतो. तुकडे करून सरीतच पसरतो. व्हायरसची झाडं मात्र उपटून बागेबाहेर नष्ट करायची, ती कुजवायला घ्यायची नाहीत.

४. दरवर्षी माती परीक्षण. जमिनीत मुळात पालाश किती आहे हे कळल्याशिवाय वरची वजाबाकी करू नका.

एका वर्षात रासायनिक खत निम्मं होईल असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, नत्र कुठून येणार? शेणखताने जमीन भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, पण त्याचा फायदा वर्षागणिक साठत जातो.

गेल्या वर्षी घड २२-२३ किलोंवर आले. आता एक्सेल मीच भरतो, पण ढिगात हात आधी नाना घालतात.

तुमच्या माती परीक्षणाच्या रिपोर्टचा फोटो पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये एक-दोन रिपोर्ट सोबत वाचू. भेटूया!