ग्रंथालयात चरित्राचा शोध : आनंदीबाई जोशींच्या निमित्ताने

ऐतिहासिक व्यक्तीच्या चरित्राचा शोध घेणे म्हणजे त्या व्यक्तीविषयी निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या वेळी आणि हेतूंनी लिहून ठेवलेला मजकूर मिळवणे, तो शेजारी शेजारी ठेवणे आणि त्यातले किती ग्राह्य धरायचे ते ठरवणे. हे काम ग्रंथालयात शक्य होते, कारण तिथे कोश, सूची, चरित्रे, जुनी नियतकालिके आणि दुर्मीळ कागद एका व्यवस्थेत लावलेले असतात. या व्यवस्थेतून कोणत्या क्रमाने जायचे, हे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या उदाहरणातून चांगले समजते. त्यांना २२ वर्षांचेही आयुष्य लाभले नाही, तरी त्यांच्या चरित्राची साधने कल्याण, कोल्हापूर, बंगाल आणि अमेरिका इतक्या दूरवर विखुरलेली आहेत.

कोशापासून प्रारंभ

पहिला मुक्काम ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात. इथले ग्रंथ घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून पाहायचे असतात. मराठीत चरित्रांसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे तीन कोश आहेत : प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) आणि अर्वाचीन (१९४६) चरित्रकोश. श्री. व्यं. केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश यांतही व्यक्तींवर नोंदी आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या व्यक्तीसाठी अर्थातच अर्वाचीन चरित्रकोश आधी काढावा.

कोशातून आयुष्याचा सांगाडा हाती येतो. आनंदीबाईंच्या बाबतीत तो असा : जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचे नाव यमुना, नवव्या वर्षी टपाल खात्यातले गोपाळ विनायक जोशी यांच्याशी विवाह, चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले, १८८३ मध्ये अमेरिकेला प्रयाण, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी, त्याच वर्षी स्वदेशी परत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू. या सनावळीचा एक तक्ता करून समोर ठेवावा. पुढे मिळणारा प्रत्येक कागद या तक्त्यात कुठे बसतो, ते पाहिले की विसंगती लगेच लक्षात येते. पहिली विसंगती जन्मस्थळाचीच आहे; काही ठिकाणी कल्याण, तर काही ठिकाणी पुणे असे दिलेले आढळते. कोशातली नोंद इतरांच्या लेखनावरून केलेली असते, त्यामुळे असा प्रश्न तिथे सुटत नाही. तो टिपून ठेवून पुढे जायचे.

सूची आणि तालिका

त्या व्यक्तीवर आजवर काय छापले गेले, हे सांगणारे साधन म्हणजे सूची. शंकर गणेश दाते यांनी केलेल्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची विषयवार नोंद आहे, दुसरा खंड १९५० पर्यंत येतो. नियतकालिकांसाठी दाते, काळे आणि बर्वे यांची सूची उपयोगी पडते. जुने पुस्तक जवळच्या वाचनालयात नसले, तरी ते कधीकाळी निघाले होते, कोणी लिहिले आणि कुठे छापले, हे सूचीतून कळते. मग मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, एशियाटिक सोसायटी किंवा विद्यापीठांची ग्रंथालये यांच्या तालिकांमध्ये त्याचा शोध घेता येतो.

तालिका पाहताना एकाच नावावर विसंबू नये. एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रियांची माहेरची आणि सासरची नावे वेगळी असत. मराठी पुस्तकांच्या नावात ‘सौ.’ किंवा ‘कै.’ आधी येते आणि अकारविल्हे शोधताना ते आडवे येते. इंग्रजी साधनांत तर वर्णलेखनच बदलते. आनंदीबाईंचे नाव अमेरिकेत ‘आनंदाबाई’ असे लिहिले गेले आणि ‘जोशी’च्या शेवटी दोन ‘ई’ घातले गेले. आजच्या रूढ इंग्रजी वर्णलेखनाने संगणकीय तालिकेत शोधणाऱ्याच्या हाती यातले बरेचसे साहित्य लागणारच नाही. नवऱ्याचे नाव, आश्रयदात्यांची नावे, संस्थेचे नाव अशा बाजूच्या वाटांनीही शोध घ्यावा.

चरित्रे कशी वाचावीत

आनंदीबाईंवरचे पहिले चरित्र इंग्रजीत निघाले. कॅरोलिन हीली डॉल यांनी लिहिलेले हे पुस्तक मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ मध्ये बोस्टनला प्रसिद्ध झाले. पाठोपाठ काही वर्षांत काशीबाई कानिटकर यांचे मराठी चरित्र आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अंजली कीर्तने यांनी ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हा ग्रंथ लिहिला. ही तिन्ही पुस्तके एकाच व्यक्तीची असली, तरी डॉलबाईंसमोर अमेरिकी वाचक होता, तर काशीबाईंसमोर स्त्रीशिक्षणाच्या वादात गुंतलेला मराठी समाज. त्यातच गोपाळराव तेव्हा हयात होते. ते १९१२ पर्यंत जगले. नवरा-बायकोच्या नात्याविषयीची या काळातली विधाने वाचताना हे लक्षात ठेवावे लागते. कीर्तने यांच्यासमोर शंभर वर्षांनंतरचा वाचक होता आणि जुनी साधने पुन्हा तपासण्याची संधीही होती.

म्हणून चरित्र वाचताना मजकुराइतकेच लक्ष प्रस्तावना, तळटीपा आणि परिशिष्टे यांकडे द्यावे. लेखकाने कोणती पत्रे पाहिली, कोणाला भेटला, कोणते विधान ऐकीव आहे, ते तिथे उमगते. तळटीप हीच पुढच्या साधनाची वाट असते.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी मात्र वेगळ्या कपाटात ठेवायची. मराठी घरांत आनंदीबाई पोहोचल्या त्या बहुतांशी या कादंबरीतून, तिच्यावरून झालेल्या नाटकातून आणि २०१९ च्या चित्रपटातून. पण कादंबरीतले संवाद आणि प्रसंग लेखकाच्या प्रतिभेचे असतात. पुरावा म्हणून ते उद्धृत करता येत नाहीत. लोकांना ठाऊक असलेला एखादा प्रसंग कादंबरीच्या आधी कुठे नोंदलेला आहे का, हे पाहणे हा संशोधनाचा चांगला धडा ठरतो.

जुनी वृत्तपत्रे आणि नियतकालिके

घटना घडली त्या वेळी लोकांना काय वाटले, ते वृत्तपत्रांतून कळते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत सुरू झाली, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रयाणाच्या दोनच वर्षे आधी. अशा पत्रांच्या बांधीव फायली, मायक्रोफिल्म किंवा संगणकीय प्रती मोठ्या ग्रंथालयांत असतात. हजारो पाने चाळण्याऐवजी तक्त्यातल्या तारखा हाताशी घ्याव्यात आणि प्रत्येक महत्त्वाच्या तारखेच्या पुढचे दोन-तीन आठवडे पाहावेत. साप्ताहिकात बातमी उशिरा येते. मुंबई सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला तयार करून घेत असे. मूळ अंक नष्ट झाले असतील, तेव्हा हे सारांश कामी येतात.

काही वेळा महत्त्वाचा मजकूर अनपेक्षित ठिकाणी असतो. गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापुरातून रेव्हरंड वाइल्डर यांना पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र लिहिले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात मिशनरी होते आणि आता अमेरिकेत ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक चालवत होते. त्यांनी ते पत्र आणि ख्रिस्ती धर्माकडे वळण्याचा सल्ला देणारे आपले उत्तर, दोन्ही छापले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात तो अंक आला आणि त्यातूनच आनंदीबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. मराठी स्त्रीच्या चरित्रातला निर्णायक कागद अशा रीतीने अमेरिकी धर्मप्रसारकांच्या नियतकालिकात सापडतो.

पत्रे आणि संस्थांची दप्तरे

सर्वांत जवळचा पुरावा त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हातचा. विमेन्स मेडिकल कॉलेजचे दप्तर आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. जून १८८३ मध्ये आनंदीबाईंनी प्रवेशासाठी लिहिलेले पत्र तिथे जपलेले असून त्या संग्रहातले बरेच साहित्य इंटरनेटवर पाहता येते. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या पदवी-प्रबंधाचा विषय होता. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबतचे त्यांचे सुप्रसिद्ध छायाचित्रही याच संग्रहातले; ते १० ऑक्टोबर १८८५ चे आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या प्रतीला अनेकदा तारीखही नसते; संग्रहातल्या नोंदीमुळे ते कधीचे आणि कुठले, हे ठरते.

अमेरिकेला जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत केलेले भाषणही छापील रूपात उपलब्ध आहे. हे श्रीरामपूर बंगालमधले. नगर जिल्ह्यातले नव्हे. ग्रामनामांचा असा घोटाळा टाळण्यासाठी गॅझेटिअर हाताशी असावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे खंड १८८२ चा आणि कोल्हापूर खंड १८८६ चा आहे, म्हणजे दोन्ही आनंदीबाईंच्या हयातीतले. त्यांचे बालपण गेले ते कल्याण आणि जिथल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली ते कोल्हापूर त्या वेळी कसे होते, हे त्यांत वाचायला मिळते.

पडताळणी आणि नोंदी

साधने जमली की पडताळणी सुरू होते. जुन्या मराठी कागदांत शके आणि तिथी असतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, ही सोपी रीत वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत चुकते. आनंदीबाईंचा मृत्यू शके १८०८ मधला. ७८ मिळवल्यास १८८६ येतात, प्रत्यक्षात साल १८८७ आहे. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात, आणि नेमक्या तारखेसाठी जंत्री पाहावी लागते.

दोन साधनांत विरोध आला, तर कोण घटनेच्या अधिक जवळ होते, कोणाला खरी माहिती असण्याचा संभव होता आणि एकाने दुसऱ्याचेच उतरवून घेतले आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. पाच पुस्तकांनी एकाच जुन्या पुस्तकावरून घेतलेले विधान हा एकच पुरावा ठरतो. ‘पहिली’ यासारखी विशेषणेही तपासून घ्यावीत : १८८६ याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले होते, म्हणून ‘पहिली’ म्हणताना कोणती पदवी आणि कोणत्या देशातली, हे सांगावे लागते.

प्रत्येक टिपणावर लेखक, पुस्तक, आवृत्ती, पृष्ठ आणि ग्रंथालयाचा दाखल क्रमांक लगेच लिहून ठेवावा. अवतरण आणि स्वतःचा सारांश वेगळे ठेवावेत. शेवटी लेखन करताना जे सिद्ध आहे ते ठामपणे, जे संभवनीय आहे ते तसे म्हणून आणि जिथे साधनांत मतभेद आहे तिथे दोन्ही बाजू मांडाव्यात. जन्मस्थळाचा वाद मिटला नसेल, तर दोन्ही गावांची नावे आधारासह द्यावीत. पुढच्या अभ्यासकाला तिथून काम सुरू करता येते.