लग्नाची बोलणी आणि मुलीचा होकार

लग्नावरून घरांत तंटा उभा राहिला कीं त्याला आपण जुन्या-नव्याचा झगडा असें नांव देऊन मोकळे होतों. वडील माणसें रूढीचीं आणि मुलें सुधारणेचीं, अशी वांटणी केली म्हणजे विचार संपला असें वाटतें. परंतु ज्याचा जन्म बीड जिल्ह्यांत शाळामास्तरकींत गेला, त्याला ही वांटणी पुरी पडत नाहीं.

प्रथम एक जुना खटला सांगतों. मुंबईच्या रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. त्या माहेरींच वाढल्या, तेथेंच शिकल्या, आणि पुढें नांदावयास जाण्याचें त्यांनीं नाकारलें. दादाजींनीं १८८४ सालीं फिर्याद केली. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला. १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा, असें फर्माविलें. बाईंनीं कैदेची तयारी दाखविली. १८८८ सालीं तडजोड झाली, आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. अजाणतेपणीं, संमतीवांचून लावलेलें लग्न मला बांधील कां, एवढाच त्यांचा सवाल होता.

तो सवाल आमच्या जिल्ह्यांत अद्याप उभा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथलीं असंख्य कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याच्या हिशेबानें. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, एकटा पुरुष म्हणजे अर्धा. मागें गांवांत वयांत येणारी मुलगी कोणाच्या भरंवशावर ठेवावी, हा दुसरा घोर. म्हणून लग्न लवकर उरकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं अठराव्या वर्षाच्या आंत लग्न झालेल्या, राज्यांत शेंकडा २१.९ तर बीड जिल्ह्यांत ४३.७ आढळल्या. याला परंपरा म्हणणें सोपें आहे; खरें पाहतां यांत पोटाचा आणि भीतीचा हिशेबच अधिक आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एक गृहस्थ माझ्याकडे आले. “गुरुजी, पोरीच्या दाखल्यावर दोन वर्षें वाढवून द्या,” म्हणाले. मीं साफ नकार दिला आणि स्वतःवर खूष झालों. पुढल्या महिन्यांत मुलगी शाळेंतून गेली. लग्न परगांवीं लागलें. दाखल्यावरची तारीख मीं सांभाळली, पण त्या मुलीला जवळ बोलावून, “बाळ, तुझ्या मनांत काय आहे?” असें एकदांहि विचारलें नाहीं. तें मला अजून सलतें.

कायदा आज स्पष्ट आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानें मुलीस अठरा व मुलास एकवीस वर्षें पुरीं लागतात. असें लग्न लावणारास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊं शकतो. अज्ञानपणीं लग्न झालेल्या व्यक्तीला, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आंत, तें लग्न न्यायालयाकडून रद्द करवून घेतां येतें. १०९८ या क्रमांकावर कोणासहि वर्दी देतां येते. आणि सज्ञान स्त्रीपुरुषांनीं आपखुषीनें केलेल्या लग्नांत बिरादरीला हात घालतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं बजावलें आहे.

शहरांतील सुशिक्षित श्रोत्यांना वाटेल, हें आमच्या घरचें नव्हे. परंतु आपणहि पत्रिका, पगार व पोटजात आधीं पाहतों आणि मुलीला शेवटीं विचारतों. तिनें ‘नाहीं’ म्हटलें तर घर रुसतें. वडिलांनीं सल्ला देऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. अनुभवाचें मोल आहेच. मात्र सल्ला दिल्यानंतर नकार ऐकण्याचीहि तयारी हवी. जिथें नकाराला जागा नाहीं, तिथल्या होकाराला अर्थ तो काय?

तेव्हां लग्नाच्या बोलणींत पहिला प्रश्न जिचें लग्न तिला करावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. जें मीं केलें नाहीं, तें आपण करावें, इतकी विनंति करून रजा घेतों.